केशवराव भोसले : गाणारा पोरगा कंपनीचा मालक झाला, त्याची गोष्ट

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. वसमतला आमच्या ग्रुपवर बातमी आली ती शाहू महाराजांचे थिएटर जळाले म्हणून. ती खरीच होती, कारण ते थिएटर राजर्षी शाहूंनीच बांधले. पण त्यावर ज्यांचे नाव आहे ते केशवराव भोसले कोण, हे आमच्यापैकी बहुतेकांना सांगता येईना. कुणी म्हणाले गायक होते, कुणी म्हणाले नट. दोन्ही बरोबर आहे. परंतु आम्ही शोधत गेलो तेव्हा लक्षात आले की या माणसाची तिसरी ओळख आपल्या कामाची आहे. ते एका नाटक कंपनीचे मालक होते, प्रयोग उभे करणारे होते. आजच्या भाषेत निर्माते.

आपल्या कामाची असे का म्हणतो? दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही वसमतमध्ये कार्यक्रम करतो. मोंढ्यात आणि वस्तीत पावती पुस्तक घेऊन फिरतो, वर्गणी गोळा करतो. गायन पार्टीला सुपारी देतो, मंडपवाल्याला, साऊंडवाल्याला, लाईटवाल्याला ॲडव्हान्स देतो. कार्यक्रम जोरात होतो, आणि सकाळी हिशेब करायला बसलो की आमच्या हातात रिकामे पावती पुस्तक उरते. गळा आपला, गाणे आपले, ऐकणारे आपले. मंच मात्र भाड्याचा. एका वर्षी तर ऐन कार्यक्रमात एका साऊंडवाल्याने उरलेले पैसे आधी द्या म्हणून मशीन बंद केली होती. त्या रात्री जे वाटले ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वी एका बिनबापाच्या पोराने स्वतःची कंपनी कशी काढली हे आम्हाला जाणून घ्यावेसे वाटले.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूरचा, मराठा कुटुंबातला. वडील विठ्ठलराव वैद्यकी करायचे. ते लवकर वारले. आई जानकीबाईंच्या पदरी लहान मुले आणि घरात कमावते कुणी नाही. त्या काळात नाटक कंपनीत मुलगा दिला की निदान त्याच्या जेवणाखाण्याची सोय व्हायची. गोरा, नाजूक, गळ्याने गोड पोरगा असेल तर कंपन्यांना तो हवाच असायचा, कारण स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करायचे. जानकीबाईंनी आपली मुले जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दिली. केशव तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. ज्या वयात आपली लेकरे अंगणवाडीत जातात, त्या वयात हा मुलगा नाटकाच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडू लागला.

शाळा जवळजवळ नाहीच. कंपनी हीच शाळा, तालीममास्तर हाच मास्तर. पहाटे गळ्याची मेहनत, दुपारी तालीम, रात्री प्रयोग. संगीत नाटके रात्रभर चालायची. प्रेक्षक एकेका पदाला वन्समोअर द्यायचे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाने ते पद पुन्हा म्हणायचे. त्याला बालपण म्हणावे की बालमजुरी हा प्रश्न आम्हाला पडतो. पुढच्या यशाने तो पुसून जात नाही. गरिबाघरच्या किती मुलांचा गळा वयात येताना फुटला आणि ती कंपनीतून बाहेर पडली, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

केशवचा गळा टिकला. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकात त्याने शारदेची भूमिका केली आणि त्याचे नाव झाले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले होते. पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख एक असा मुलगा गात होता, ज्याला स्वतःला पोटासाठी कंपनीत दिले गेले होते. लोक रडायचे ते फक्त सुरांना नसावे असे आम्हाला वाटते.

आता मुद्द्याचे. लोक तिकीट काढायचे ते केशवसाठी. पण तिकिटाचा पैसा मालकाचा. कोणत्या गावाला मुक्काम करायचा, कोणते नाटक लावायचे, कुणाला किती पगार द्यायचा, हे ठरवणारा मालक. हुबळीच्या मुक्कामात केशवराव आणि काही सोबती कंपनीतून बाहेर पडले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीतच त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळी सुरू केली. केशवराव तेव्हा पुरते अठरा वर्षांचेही नव्हते. आज या वयाच्या मुलाला मतदान करता येत नाही, बँक कर्ज देत नाही.

कंपनी काढणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गाव. नट, गवई, तबलजी, ऑर्गनवाला, सारंगीवाला, शिंपी, रंगपटवाला, पडदे ओढणारे, आचारी, पाणक्या अशी शे-पन्नास माणसे एकत्र राहायची. त्यांना दोन वेळचे जेवण, पगार, आजारपण सगळे कंपनीकडे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर पडद्यांच्या वळकट्या आणि पेट्या रेल्वेने न्यायच्या. नव्या गावात थिएटर असेल तर भाडे, नसेल तर मांडव. गॅसबत्त्यांचा खर्च वेगळा. पावसाळ्यात उत्पन्न घटायचे, पण जेवणारी तोंडे तेवढीच राहायची. त्यात कुठे प्लेगची साथ आली की मुक्काम हलवायचा. हे सगळे सांभाळून रात्री तोंडाला रंग लावून गायचे, तेही आदल्या रात्रीच्याच तयारीने. केशवरावांनी दोन्ही केले, आणि उरलेल्या आयुष्यातली सगळी वर्षे, म्हणजे जेमतेम चौदा वर्षे केले.

मालकी हातात आल्यावर माणूस काय करतो यावर त्याची पारख होते. केशवरावांना जुनी चालणारी नाटके फिरवून पैसा करता आला असता. ती त्यांनी केलीच, कंपनी जगवायची होती. पण त्याबरोबर त्यांनी नवे लेखक उभे केले. १९१२ साली ललितकलादर्शने 'दामिनी' हे नाटक केले. त्याच्या लेखिका हिराबाई पेडणेकर. गाण्याचा वारसा असलेल्या नायकिणीच्या घराण्यात जन्मलेली ही बाई. ज्या घरातल्या बायकांचे गाणे प्रतिष्ठित लोक रात्री ऐकत आणि दिवसा त्यांचे नाव घेत नसत, अशा घरातली. तिचे नाटक व्यावसायिक कंपनीने रंगमंचावर आणले, तेही तिच्या नावाने. स्त्रीने लिहिलेले नाटक मराठीत व्यावसायिक रंगभूमीवर आले त्याची सुरुवात इथे आहे. मालक दुसरा असता तर हे झाले असते का, याबद्दल आम्हाला शंका आहे. बाईला, त्यातही अशा बाईला, लेखक म्हणून उभे करण्यात नफ्याची खात्री नव्हती.

पुढे मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' आले. विषय हुंडा. १९१९ साली त्यांचेच 'संन्याशाचा संसार' आले, धर्मांतर आणि शुद्धीकरणाच्या प्रश्नावर. हे नाटक हिंदू समाजाच्या आतून विचार करणारे आहे. जाणाऱ्याला परत कसे आणायचे ही त्याची काळजी. माणूस का जातो, याच्या मुळाशी ते आपल्या अर्थाने जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्या आमच्यासारख्यांना ते वेगळ्या नजरेने वाचावे लागते. तरीही धर्मांतर हा विषय तिकीट काढून नाटकाला येणाऱ्या पांढरपेशा प्रेक्षकासमोर उघडपणे मांडला गेला, एवढे श्रेय त्या लेखकाला आणि त्या मालकाला द्यावे लागेल.

केशवरावांचा दुसरा हट्ट म्हणजे प्रयोग देखणा झाला पाहिजे. पडदे रंगवायला त्यांनी कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे भाऊ घेतले. सुतारकामाची, कारागिराची परंपरा असलेल्या घरातली ही माणसे. त्यांच्या पडद्यांनी ललितकलादर्शच्या नाटकांची शान वाढवली. यातले बाबूराव म्हणजे पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे, 'सैरंध्री' करणारे बाबूराव पेंटर. मराठी सिनेमाची एक मुळी अशी नाटकाच्या पडद्यापर्यंत जाते. गाण्यासाठी रामकृष्णबुवा वझ्यांसारखा गवई. स्वतः केशवराव आधी स्त्री-भूमिका करायचे, पुढे नायकाच्या करू लागले. त्यांचा आवाज उंच, तेजस्वी आणि दूरवर जाणारा होता, म्हणून लोक त्यांना संगीतसूर्य म्हणू लागले.

आता शाहू महाराजांकडे येऊ. १९०२ सालच्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे जुने मैदान पाहिले होते. कोल्हापुरात आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान बांधले आणि त्याला लागूनच थिएटर. थिएटरचे काम १९१३ साली सुरू झाले आणि १९१५ साली पुरे झाले. नाव पॅलेस थिएटर. आज जे केशवरावांच्या नावाने ओळखले जाते ते हेच. कुस्तीगीर आणि नट यांना एकाच आवारात जागा देणारा हा राजा. २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवणारा आणि २१-२२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून जगासमोर आणणारा हा राजा कलेकडेही त्याच नजरेने पाहत होता, हे आपण बऱ्याचदा विसरतो. राखीव जागा आपल्याला पाठ असतात. थिएटर पाठ नसते.

शाहूंनी केशवरावांना आश्रय दिला, आणि एक गोष्ट करून दाखवायला लावली. थिएटरात किती माणसे बसणार? हजारभर. तीही तिकिटाला पैसे असणारी. मग नाटक मैदानातच का करू नये? खासबागेच्या मैदानात उघड्यावर 'मृच्छकटिक'चा प्रयोग झाला. हजारोंचा जमाव. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हता. माईक नाही, मॉनिटर नाही, डीजे नाही. आवाज पोचवायचा तो फक्त गळ्याच्या आणि शब्द नीट टाकण्याच्या जोरावर. केशवरावांनी तो पोचवला. आजच्या भाषेत बोलायचे तर महाराष्ट्रातला हा एक मोठा लाईव्ह इव्हेंट होता, आणि तो राजवाड्यातल्या निमंत्रितांसाठी नव्हता, रस्त्यावरच्या माणसासाठी होता.

नाटक 'मृच्छकटिक' होते याचे आम्हाला विशेष वाटते. शूद्रकाच्या मूळ संस्कृत नाटकात एक संवाहक आहे, म्हणजे अंग रगडून देणारा. तो जुगारात सगळे घालवतो, मार खातो आणि शेवटी भिक्षू होतो. वसंतसेनेचा गळा दाबून तिला मेलेली समजून टाकून देतात, तेव्हा तिला शुद्धीवर आणणारा, पाणी देणारा तोच भिक्षू असतो. गणिका, गरीब झालेला सज्जन, चोर, जुगारी, भिक्षू आणि राज्य उलथवणारा गुराख्याचा पोर अशी माणसे ज्या नाटकात आहेत, ते नाटक कोल्हापूरच्या मोकळ्या मैदानात झाले.

इथे मराठवाड्यातली एक गोष्ट जोडावीशी वाटते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा सोहळ्याच्या वेळी प्रचंड जनसमुदायापुढेही झाले. त्याआधी १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव, चाळीचाळीत होत होते. मोकळ्या आभाळाखाली लोकांसमोर उभे राहायचे ही आपल्या चळवळीचीही रीत आहे. फरक एवढाच की जलशाला तिकीट नव्हते आणि जलसाकारांना शाहू महाराज नव्हते. दिवसा गिरणीत नाही तर कुठे हमालीवर राबून ती माणसे रात्री डफावर थाप मारत होती. केशवरावांचे मोठेपण सांगताना आम्ही जलसाकारांना लहान करणार नाही.

आणि केशवरावांना ओढूनताणून सत्यशोधक किंवा आंबेडकरी करायचाही आमचा विचार नाही. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग पाहिला की हे स्पष्ट होते.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी काँग्रेस देशभर पैसा गोळा करत होती. मराठी रंगभूमीवर तेव्हा दोन मोठी नावे होती, बालगंधर्व आणि केशवराव भोसले. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, दोघांचे चाहते वेगळे. कुणाचे गाणे सरस यावर लोक हमरीतुमरीवर यायचे. आजच्या दोन हिरोंच्या फॅन्ससारखेच. या दोघांना एका रंगमंचावर आणायचे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटे शंभर रुपयांपर्यंत गेली. गिरणी कामगाराला तेवढे कमवायला काही महिने लागत. तरी थिएटर भरले. एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजारांवर गेले आणि ते फंडाला दिले गेले.

निर्मात्याच्या नजरेने पाहिले तर हा प्रयोग थक्क करणारा आहे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन मालक-नट, वेगवेगळ्या सवयीचे साथीदार. कुणाचे नाव आधी, कुणाच्या पदाला किती वन्समोअर, यावरून सगळे फिसकटू शकले असते. ते फिसकटले नाही. त्यानंतर संयुक्त 'सौभद्र'ही झाले. कार्यक्रमाच्या पत्रिकेत कुणाचा फोटो मोठा यावरून आमच्याकडे दोन मंडळे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पण पैसा कुठे गेला हेही पाहिले पाहिजे. ज्या टिळकांच्या नावाने हा फंड होता, त्यांनी वेदोक्त प्रकरणात शाहूंच्या विरोधात बाजू घेतली होती. शाहूंनी आश्रय दिलेल्या नटाने त्या फंडासाठी गळा लावला. केशवरावांना त्यात विसंगती वाटली असेल असे त्यांच्या वागण्यातून दिसत नाही. त्यांच्यासाठी ते देशाचे काम होते. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये शिकत होते. पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या आपल्या ग्रंथात त्यांनी याच टिळक स्वराज्य फंडाचा हिशेब मांडला. कोटीच्या वर गेलेल्या त्या फंडातून अस्पृश्यांच्या कामावर किती क्षुल्लक रक्कम खर्च झाली, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. त्या आकड्यांत कुठेतरी 'मानापमान'च्या रात्रीचे सोळा हजारही आहेत. कलावंताने जीव ओतून पैसा उभा करावा आणि तो खर्च कुणावर व्हावा हे दुसऱ्यानेच ठरवावे, हे तेव्हाही झाले. वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या पोरांना हा भाग आम्ही दोनदा वाचायला सांगतो.

संयुक्त 'मानापमान'ला तीन महिनेही झाले नव्हते. पुण्याच्या मुक्कामात केशवरावांना विषमज्वर झाला. तेव्हा त्यावर आजच्यासारखे औषध नव्हते. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ते गेले. वय ३१. ज्या माणसाच्या गळ्यावर शे-पन्नास माणसांची चूल पेटत होती तो गळा बंद झाला. एकट्या माणसाच्या नावावर उभ्या असलेल्या अशा कंपन्या मालक गेला की मोडायच्या. पडदे लिलावात जायचे, नट दुसरीकडे पांगायचे.

ललितकलादर्श मोडली नाही. केशवरावांनी हाताखाली तयार केलेल्या बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली. कंपनी, पडदे, नाटके, लेखक आणि माणसे यांची घडी एवढी नीट बसवलेली होती की मालक नसतानाही पडदा वर जाऊ शकला. शाहू महाराजही ६ मे १९२२ ला गेले. त्याच १९२२ साली ललितकलादर्शने वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. त्यासाठी पु. श्री. काळे यांनी गुंडाळीच्या पडद्याऐवजी खरोखरच्या खोलीसारखी उभी चौकट बांधली. बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी कंपनी हातात घेतली, आणि हुबळीत सतरा वर्षांच्या मुलाने ठेवलेले नाव शंभर वर्षांनंतरही नाटकाच्या जाहिरातीत दिसत होते.